पुस्तक न उघडणारा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — आणि मी तर न घडलेल्या गोष्टीसुद्धा टपरीवर तासतासभर सांगणारा माणूस. माझ्या थापा एकावर एक रचल्या तर वाकडचे टॉवर बुटके दिसतील. पण हिला कधी तोंडच फुटलं नाही.

इंजिनिअरिंगला असताना आख्ख्या कॉलेजात माझी ख्याती होती — गडी पुस्तक उघडत नाही आणि फर्स्ट क्लास मारतो. पेपरच मला बघून घाबरतो, असं मी सांगायचो. पोरं हसायची. आणि मी रोज क्रिकेटची बॅग खांद्याला मारून मॅचला म्हणून निघायचो, तो थेट तळवड्याला, मावशीच्या घरी. बॅगेत पॅडखाली पुस्तकं. दार लावून घोकायचो — घसा सुकेपर्यंत. का लपवायचं? अभ्यास करून पास होणारे ढिगाने होते; न करता होणारा मी एकटा. गोड लागतं हो ते.

चिंचवडच्या खोलीत माझ्यासोबत परभणीचा दिनेश राहायचा. त्याला हळू समजायचं, पण समजलं की पक्कं. रोज गणितं सोडवत बसायचा. मी त्याला हमाल म्हणायचो. दुसऱ्या वर्षी, परीक्षा महिन्यावर आलेली, त्याने पडेल आवाजात विचारलं, "खरं सांग भावा, शेवटच्या दोन दिवसांत होतं का सगळं?"

किती सरळ प्रश्न होता. मी म्हणालो, "आरामात."

त्याने वही मिटली. माझ्या भरवशावर. चार विषय गेले, वर्ष गेलं, मग कॉलेजच सुटलं. आता चाकणला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. माझ्यावर चिडला असेल म्हणता? छे. माझं डोकंच कमी, असं म्हणतो तो — इतकी वर्षं. आणि मी? मी चहा पितो.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची धाकटी बहीण पूजा यंदा इंजिनिअरिंगला लागलीय. पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती. दिनेश कौतुकाने म्हणाला, "हिला सांग राव, तू कसा पास झालास ते. हिचं डोकं तुझ्यासारखंय, माझ्यासारखं नाही."

पूजाने विचारलं, "दादा, खरंच काही न वाचता?"

तेव्हा सांगता आलं असतं. दोघंही समोर होते — घाई नव्हती, तिसरं कुणी नव्हतं.

मी सांगितलं. तीच जुनी थाप, वर आणखी मीठमसाला लावून. दिनेश पोट धरून हसला. पूजाही हसली — आणि तिने पुस्तक मिटलं.