चुली मोजणाऱ्या नंदाबाई

जनगणनेचं काम आलं की शिक्षकवर्गात आजारपणाची साथ येते. कुणाची पाठ धरते, कुणाच्या सासूबाई अंथरूण धरतात. हिंजवडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या नंदाबाईंनी मात्र २००१ साली सलग तिसऱ्यांदा ते दप्तर आपणहून उचललं.

त्याला कारण त्यांचे वडील. कचरू हे छप्पन साली बौद्ध झालेले. एकसष्टच्या गणतीला आलेला माणूस वस्तीत पाऊल न टाकता बाहेरूनच अंदाजे आकडा लिहून निघाला, तेव्हा कचरूंनी त्याला रस्त्यात गाठून परत आणलं आणि घराघरातलं एकेक नाव लिहायला लावलं. "इंग्रजानं माणसं मोजली राज्य करायला. आपण मोजायची ती शाळा-दवाखाना कुठे लागतो ते कळायला," असं ते मुलीला सांगत. नंदाबाईंना वडिलांचा भारी अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

यंदा त्यांच्या नकाशात एके ठिकाणी मोकळं रान दाखवलं होतं. प्रत्यक्षात तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीची काचेची इमारत उठत होती आणि मागे पत्र्याच्या शेडची रांग. फाटकावर तेजस नावाचा तरुण सुपरवायझर आडवा आला.

"मॅडम, इथे कोणी राहत नाही. गोडाऊन आहे."

ठेकेदारानं कागदोपत्री मजूर निम्मेच दाखवले होते, त्यामुळे खरी नावं सरकारी फॉर्मवर यायला नको होती. गणतीचा शेवटचा दिवस होता. नंदाबाई परत फिरल्या असत्या, तर ही माणसं पुढची दहा वर्षं देशाच्या लेखी नसतीच.

"गोडाऊनला भूक लागते वाटतं," पत्र्यांमागच्या धुराकडे बघत त्या म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. नियम सोपा होता. भिंती कशाच्याही असोत, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. चुली दिसल्या अकरा.

पहिल्या चुलीशी जालन्याकडची सोजरबाई भाकरी थापत होती. नवरा वारलेला, दोन मुली हाताशी. कुटुंबप्रमुख कोण, असं विचारल्यावर ती गडबडली.

"मीच म्हना की. पर बाई, मागल्या खेपेला कुनी इचारलंच न्हाई. आमी रस्त्याच्या कामावर हुतो."

"आता विचारतेय. पूर्ण नाव सांगा."

तेवढ्यात तेजस मागोमाग आलाच. "मॅडम, प्लीज हे खोडा. साहेब माझ्यावर उखडतील."

नंदाबाईंना त्याची कीव आली, पण पेन थांबलं नाही. "तुम्ही राहता कुठे?"

"इथेच. सिमेंटच्या खोलीत. दीड वर्ष झालं."

"आणि जेवता?"

"माझ्याकडंच की," सोजरबाई म्हणाली, "दोन्ही टायमाला."

"मग खोडते की. पण या चुलीवरचे सगळेच खोडावे लागतील. तुमच्यासकट."

तेजसनं स्वतःचं नाव सांगितलं, वय चोवीस सांगितलं, आणि नंदाबाई पुढच्या शेडकडे निघाल्या तशी हाक मारली.

"मॅडम, वाळूच्या ढिगामागे अजून दोन चुली आहेत. चला, दाखवतो."