बल्गेरियाचा पाहुणा
ओल्या मातीचा वास आला की तापीकाठचं आमचं अंगण आठवतं. साठच्या दशकात बल्गेरियाचा एक तरुण चित्रकार आमच्याकडे उतरला होता. केळीच्या बागा रंगवून झाल्यावर त्याने नदीची माती मळली आणि आईचा चेहरा घडवू का, असं वडिलांना इंग्रजीत विचारलं. आईने पदर आणखी पुढे ओढला. "याले इचारा, याची माय शे का?" ती वडिलांना म्हणाली. वडिलांनी विचारलं. तो लहान असतानाच त्याची आई गेली होती. तिचा चेहराही त्याला आठवत नव्हता. ते ऐकून आई पदर मागे सारून त्याच्यासमोर बसली. "बनाव, बेटा." वाळलेलं ते शिल्प कापसात गुंडाळून त्याने सोबत नेलं. आईचा फोटो आम्ही कधी काढलाच नाही. तिकडे लोक तिला त्याचीच आई समजत असतील. समजू देत.