आक्कानं देऊन टाकलेली पावलं

पडद्यावर नटी जिना उतरते तेव्हा ऐकू येणारी पावलं नटीची नसतात, आक्काची असतात. शूटिंगच्या वेळी माइक तोंडाकडे रोखलेला असतो, पायांकडे बघायला कुणाला सवड? मग स्टुडिओच्या तळघरातल्या खोलीत आक्का समोरच्या पडद्याकडे बघत कधी वाळूवर, कधी खडीवर, कधी फळीवर तसंच्या तसं चालायची आणि तो आवाज चित्रपटात बसवायचे. सव्वीस वर्षं ती अशी चालली. थोराड बाई, तोंडानं फटकळ. पण पोलिसाचे बूट चढवले की खोलीत पोलीस आलाच म्हणून समजा. एकाही चित्रपटात तिचं नाव आलं नाही. लोक चेहरे बघायला येतात, पाय नाही, असं ती हसून म्हणायची आणि ते तिला किती लागतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संपाची कुजबुज सुरू झाली तेव्हा मॅनेजर स्वतः तळघरात आला. इतक्या वर्षांत न आलेला माणूस. तुमची कला जपून ठेवायला हवी, म्हणाला. प्रत्येक चाल रेकॉर्ड करू, संग्रहाला तुमचंच नाव देऊ. आक्काला त्यानं असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती नऊ दिवस चालली. दमलेली बाई चालली, घाबरलेला चोर चालला, उशिरा घरी येणारा नवरा चालला. एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण अर्धं काम करणं तिच्या रक्तातच नव्हतं. भ्यालेला माणूस टाच आधी का टेकवत नाही, दुःखात पाऊल किती उशिरा उचलतं, हेही तिनं न विचारता समजावून सांगितलं. मॅनेजरनं आणून बसवलेली दोन माणसं टेबलामागं भराभर लिहून घेत होती. कशासाठी, हे विचारायचं तिला सुचलं नाही. दहाव्या दिवशी संप सुरू झाला.

संपाचा पुढारी म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, सेटवर दिवे लावणारा. कामाचे तास ठरवून द्या आणि आमच्या जागी यंत्र बसवू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. दुसरा महिना लागला तरी मालकांकडून ना बोलावणं, ना धमकी. भावाला त्याचीच धास्ती वाटायची. भांडणारा मालक परवडला, म्हणायचा. गप्प बसलेल्याच्या हातात काहीतरी असतं.

काय असतं ते एका दुपारी टीव्हीवर कळलं. नव्या चित्रपटाची जाहिरात लागली होती. नायिका लांबलचक बोळातून चालत होती. भावानं आवाज वाढवला, पुन्हा ऐकलं आणि बहिणीच्या पायांकडे बघितलं. डावी टाच जराशी घासत उचलायची तिची खोड तो लहानपणापासून ओळखत होता.

"आक्का, संप चालू असताना तू स्टुडिओत गेली होतीस?"

"नाही रे."

"मग हे कोण चालतंय?"

तिनं नऊ दिवसांचं सगळं सांगितलं. त्या रेकॉर्डिंगवरून शिकलेलं यंत्र आता तिच्यासारखं चालत होतं, हे दोघांनाही कळलं. त्यानं नुसता टीव्ही बंद केला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सभेत ती आपणहून उभी राहिली आणि बोलली. कुणी फितूर म्हणालं. रोज तिच्या डब्यातलं खाणाऱ्या मेकअपवालीनं आपली खुर्ची बाजूला सरकवली. भाऊ म्हणाला, माझी बहीण फितूर नाही, भोळी आहे. आक्काला ते जास्त झोंबलं.

आठवड्यात संप मिटला. कामाचे तास ठरले. यंत्राचंही कलम आलं, फक्त संपाआधी रेकॉर्ड करून दिलेल्या नमुन्यांना ते लागू नव्हतं. लोकांच्या चुली किती दिवस थंड ठेवायच्या? भावानं सही केली.

आक्का कामावर गेली तर तिचे जोडे खोक्यांत भरून ठेवलेले. मॅनेजर अदबीनं म्हणाला, फक्त एकदा चित्रपट ऐका आणि कुठं चुकलंय तेवढं सांगा. ती ऐकत बसली. पाऊल न् पाऊल तिचं होतं आणि त्यातलं एकही ती चालली नव्हती. चूक एकच सापडली. इस्पितळातल्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून एक आई आपल्या मुलाचं प्रेत ओळखायला अनवाणी जाते. ओला तळवा फरशीला चिकटतो, सुटताना बारीकसा आवाज करतो. इथं पावलं कोरडी वाजत होती. शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली.

घरी जाताना तिला फार दिवसांनी हलकं वाटलं. एकटीचा का होईना, हा तिचा संप होता. लोकांना खटकेल, बोभाटा होईल आणि मग झक मारत बोलावणं पाठवतील, याची तिला खात्री होती.

चित्रपट लागला त्या पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला ती भावाला घेऊन गेली. थिएटर गच्च भरलेलं. आई ओल्या फरशीवरून निघाली, पावलं कोरडी वाजू लागली. आक्का पडद्याकडे न बघता माणसांकडे बघत होती. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. पुढच्या रांगेतल्या माणसानं चष्मा काढून डोळे टिपले. मागं कुणीतरी हुंदका दिला.

भाऊही रडत होता. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. कित्येक दिवसांत तो असा जवळ आला नव्हता.

"ही पावलंसुद्धा तुझीच ना गं?" तो हळूच म्हणाला. "असं तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

आक्का हो म्हणाली.