समान वाटे

नारीनच्या डोंगरातल्या एका गावात तुर्दाकुन मास्तराने छत्तीस वर्षं एकच विषय शिकवला, फक्त विषयाची नावं बदलत गेली. आधी साम्यवाद, मग बाजार, मग लोकशाही, आणि शेवटी पुस्तकावर छापून आलं 'माणूस आणि समाज'. खडू तोच, फळा तोच, मुलंही बहुतेक त्याच घरांतली. मुलं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवत आणि शाळा सुटली की घोड्यावर टांग टाकून निघून जात. मास्तराला मात्र ते शब्द छळत. हिवाळ्यात दोरीवर गोठून ताठ झालेल्या कपड्यांसारखे ते त्याला दिसत. आकार माणसाचा, आत माणूस नाही.

तो साठीला आला तेव्हा गावसभेची एक जागा रिकामी झाली आणि मास्तर उभा राहिला. समोर पिठाच्या गिरणीचा मालक ओस्मोनाली, गोड बोलणारा माणूस. मास्तराला ती जागा मनापासून हवी होती. जन्मभर शिकवलेल्यांपैकी एक तरी शब्द तिथे बसून खरा करून दाखवायचा होता. तो शब्द होता समता. आणि लोकांना त्याची चव मतदानाआधीच द्यायची, असं त्याने ठरवलं.

संधी घरातच चालून आली. नातू पाऊल टाकायला लागला होता. अशा मुलाची चाल मोकळी व्हावी म्हणून तिकडे त्याच्या पायांना दोरी बांधून ती कापतात. तो समारंभ मतदानाच्या आदल्या रविवारी ठरला. गाव जेवायला येणार. अशा जेवणात मेंढा सांध्यासांध्यांतून सोडवतात, हाड मोडत नाहीत, आणि कोणतं हाड कोणाच्या ताटात पडायचं ते वयावर आणि नात्यावर ठरतं. मास्तराने बायकोला, बुरमाला, सांगितलं की या वेळी सगळ्यांना सारखं. ती म्हणाली, काय सारखं करायचं ते शाळेत करा, माझ्या कढईत नको. तो ऐकेना. स्वतः कुऱ्हाड घेऊन बसला आणि हाडांसकट मुठीएवढे तुकडे पाडले.

ताटं आली. पंगत खाली बघत राहिली. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. पुरुषांनी गवताच्या कापणीचा विषय काढला. मांस छान मऊ शिजलंय, असं ओस्मोनालीने तीनदा सांगितलं. टेकडीखाली एकटी राहणाऱ्या सोनून आपाने मात्र आपलं ताट हळूच पुढे सरकवलं.

मास्तर तिच्यापाशी जाऊन बसला. "आपा, खात का नाहीस?"

"कोणाचं आहे हे?"

"सगळ्यांचं सारखंच आहे."

"तेच म्हणते मी." म्हातारीचा आवाज चढला नाही. "मागच्या हिवाळ्यात बातमा गेली. आता गावातल्या बायकांत थोरली मी. शेपटीजवळचं हाड यंदा माझ्या ताटात यायचं होतं. मला घर धड नाही, मुलगा नाही, गाय नाही. वय तेवढं साठवलं होतं, पोरा. तेही तू कुऱ्हाडीने तोडलंस."

समतेची अख्खी व्याख्या मास्तराच्या ओठांवर आली. त्याने ती गिळली आणि उठून गोठ्याकडे गेला. हिवाळ्यासाठी राखलेला दुसरा मेंढा त्याने बाहेर काढला. बुरमाने त्याच्या हातात सुरी दिली. "सांध्यातून," एवढंच म्हणाली.

पाहुणे चहावर चहा पीत थांबले, अगदी उन्हं उतरेपर्यंत. मग आपापलं हाड आपापल्या ताटात आलं आणि पंगतीला कंठ फुटला. सोनून आपाने आपलं हाड दोन्ही हातांनी घेतलं, मग चाकूने मांसाचे तुकडे काढून भोवतीच्या पोरांच्या तोंडात भरवायला लागली. शेजारचे म्हातारे दारातल्या सुनांना देत होते. बघता बघता थोरल्यांची ताटं रिकामी झाली. हे मास्तर लहानपणापासून बघत आला होता. वर्गात मात्र कधी बोलला नव्हता.

मास्तर एकोणीस मतांनी पडला. निकालाच्या दिवशी आपा स्वतः त्याच्या दारात आली.

"मत मी तुलाच दिलं," ती म्हणाली. "लोक मला विचारत होते, हा निवडून आला तर पाणी, कुरण, सगळं असंच बारीक तोडेल का? मी म्हटलं, तोडेल. पण चुकला तर दुसरा मेंढा कापेल."

"मग?"

"मग काय. म्हणाले, मास्तराकडे इतके मेंढे आहेत कुठे?"