समोरच्या दुकानाचा मालक

निवृत्तीनंतर सँडविच कंपनीची फ्रँचायझी घ्यावी की नाही, हे ठरवायला मी आठवडाभर रोज सकाळी जयनगरात त्याच कंपनीच्या दुकानासमोरच्या इडलीवाल्याकडे इडली खात उभा राहायचो. आणि रोज एक गृहस्थ नेमका माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. अंगात त्या कंपनीचा हिरवा टी-शर्ट, टोपी खिशात कोंबलेली. चटणी इतकी ओतायचा की खालची इडली दिसायची नाही. ती संपली की पुन्हा काउंटरकडे, "अण्णा, स्वल्प चटणी!" कानडीत म्हणे 'थोडी'! त्याच्या येरझाऱ्यांत मला समोरचं गिऱ्हाईक दिसेना. वैताग नुसता!

त्यात एके दिवशी बायकोचा फोन. "तीस वर्षं सरकारी कारखान्यात एकेका बोल्टसाठी तीन-तीन सह्या घेतल्या," मी ओरडलो, "आता मला मालक व्हायचंय!"

फोन ठेवताच तो इथल्या जुन्या मराठी घरांतल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "ते समोरचं दुकान माझंच की."

"मग इथं काय करताय? चालत नाही का?"

"चालतंय की. काल एका अक्कांनी कांदा थोडा जास्त मागितला. कंपनीचं माप ठरलेलं. माझ्याच दुकानात मला नाही म्हणावं लागलं."

बोटानं ताटली पुसून त्यानं टोपी चढवली आणि रस्ता ओलांडला.

हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं या माणसाला! फोन पुन्हा वाजू लागला. मी तो वाजू दिला आणि रिकामी वाटी घेऊन काउंटरकडे गेलो.

"अण्णा, चटणी. थोडी जास्त."

अण्णानं मापबिप न बघता वाटी काठोकाठ भरली.