चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

आमच्या ह्यांना, म्हणजे बाळकृष्णजींना, 'नाही' म्हणता येत नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण घरात कधी उलट उत्तर म्हणून नाही. गेल्या थंडीत त्यांचे गुडघे धरले, तर मी ओळखीच्या एका वैद्यांकडून हळद, आलं नि लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, समोर उभी राहून गिळायला लावायची. इंग्रजी गोळ्यांचं मला भारी वावडं. "ते जहर घरात दिसलं तर याद राखा!" असा दमच भरला होता.

महिन्याभरात हे आमच्या सुदामा नगर कॉलनीच्या बगीच्यात चार चकरा मारायला लागले. मग काय, हातच्या काकणाला आरसा कशाला! भजनी मंडळात सगळ्यांना सांगितलं, सात घरांत बाटल्या पोचवल्या.

गुरुवारी जेवता जेवता हे उठले नि बेसिनमध्ये भडभडून उलटी केली. बघते तर रक्त! तसंच ह्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याची कोणती गोळी घेता?"

"डॉक्टरसाब, आमच्या घरात गोळीच नाही," मी ठसक्यात बोलले. "शुद्ध जडीबूटी फक्त."

ह्यांनी गुपचूप खिशातून चष्म्याची डबी काढली. पुसायच्या फडक्याखाली दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट, अर्धं रिकामं. अरे देवा! ती डबी रोज मीच ह्यांच्या हातात देते हो!

"गोळीनं पोटात जखम केली," डॉक्टर बोलले, "आणि ह्या अर्कांनी रक्त लवकर थांबू दिलं नाही, असं दिसतंय. अजून उशीर केला असता तर कठीण होतं."

दुपारी नळी घालून रक्त थांबवलं. ह्यांनी डोळे उघडले तशी मी फुटलेच, "अहो, पण का? का लपवलं?"

"गुडघ्यांचं दुखणं तुझ्या कॅप्सूलनं थांबलंच नव्हतं गं," हे हळूच बोलले. "आधी तुझ्या धाकानं लपवलं, मग तू साऱ्या कॉलनीत सांगून बसलेली. तुझी मान खाली जाईल वाटलं."

मला रडूही आलं नि स्वतःचा संतापही. तशीच बाहेर आले नि मंडळातल्या लक्ष्मीताईंना फोन लावला.

"खरं सांगा, माझ्या कॅप्सूलबरोबर भाऊजी दुखण्याची गोळीपण घेतात का?"



"घेतात," त्या अडखळत बोलल्या. "रोज. तुम्हाला बुरा वाटेल म्हणून सांगितलं नाही."

अजून सहा घरं बाकी होती.