वाकडी केलेली गाडी

माझ्या मामाने आयुष्यात हजारो गाड्या सरळ केल्या आणि एकच वाकडी केली. ती आमची.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला गवंडी दोऱ्याला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मामा तोच गाडीच्या चाकांना लावतो. चाकाच्या बाजूला दोरा सोडायचा, चाकाच्या वरच्या कडेपासून दोरा किती लांब आणि खालच्या कडेपासून किती ते मोजायचं, आणि चाक कुठे झुकलंय ते सांगायचं. आता सगळीकडे कॉम्प्युटरची यंत्रं आली आहेत. मामाकडेही एक आहे. त्याच्यावर तो जेवणाचा डबा ठेवतो.

त्याचे दोन नियम होते. त्याच्या वर्कशॉपमधली फरशी त्याने स्वतः पाणपातळी लावून, चार वेळा उखडून, एकसारखी करून घेतली होती. तिच्यावर खडा आला तर माप चुकतं, म्हणून कितीही मोठा माणूस आला तरी चपला दारात काढायच्या. लोक हसायचे. गाडी तेवढी पायताणासकट आत, आणि मालक अनवाणी. दुसरा नियम म्हणजे चाचणीला गाडी एकट्यानेच बाहेर काढायची, मालकाला शेजारी बसू द्यायचं नाही. मालक बोलत राहतो आणि मग गाडी काय म्हणतेय ते ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. पहिला नियम चांगला होता. दुसऱ्याबद्दल मी आज चांगलं बोलू शकत नाही.

मामा नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हे. त्याच्यासमोर ड्रायव्हिंगची बढाई मारणाऱ्याचं तो टायर पाहूनच पितळ उघडं पाडायचा. "ब्रेकवर पाय ठेवून झोपता का?" असं तोंडावर विचारायचा. नमतं घ्यायचा तो एकट्या माझ्या बाबांपुढे. बाबांनी सव्वीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. पुस्तकांनी भरलेली ती अवजड गाडी डोंगरातल्या शाळांपर्यंत न्यायची आणि आणायची. सव्वीस वर्षांत तिला एक ओरखडा नाही. मामा म्हणायचा, भावोजींच्या हातात कुठलंही भंगार द्या, ते सुतासारखं सरळ जाईल.

आमची गाडी भंगाराच्या अलीकडे दोन पावलं होती. एकोणीस वर्षांची, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते अशातली. घर उभ्या चढावर, म्हणून बाबांनी ती घेतली आणि मग सोडवेना. बाबा निवृत्त झाल्यावर एकदा ती हळू वळणावर खालून थडथडायला लागली. गेटसमोर वळवली की जणू कोणी मधून धरून ठेवल्यासारखी अडखळायची. गिअरचं तेल जळल्याचा वासही यायचा. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायचा निकाल दिला. मामाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. टेप घेतली, चारही टायरांचा घेर मोजला आणि उठला. पंक्चरच्या निमित्ताने बाबांनी एकच टायर नवा घातला होता, तो बाकी तिघांपेक्षा दोन बोटं मोठा. मामाने बाबांना समजावलं की या गाडीत चार चाकं म्हणजे एका घरातले चार भाऊ; एक मोठा झाला की दिवसभर बाकीच्यांशी ओढाताण, आणि मार बसतो तो मधल्या गिअरबॉक्सला. चार सारखे टायर, नवं तेल, आणि थडथड गेली. त्या गॅरेजवाल्याचा विषय निघाला की मामा म्हणायचा, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला." हे वाक्य त्याचं फार लाडकं होतं.

दोन महिन्यांनी बाबा परत गेले. गाडी डावीकडे ओढते, म्हणाले.

मामाने ओळंबा लावला. सगळं जागच्या जागी. एकटा गाडी घेऊन सरळ रस्त्यावर गेला, स्टिअरिंग सोडून पाहिलं. गाडी रेषेत. तसं त्याने सांगितलं. आठ दिवसांनी बाबा पुन्हा दारात. गेटच्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली होती आणि डावा आरसा लोंबत होता. मामाने सस्पेन्शन तपासलं, सांध्यांतले रबरी बुश बदलले, चाकं अदलाबदल करून पाहिली, मधल्या गिअरबॉक्सचं तेल पुन्हा काढून त्यात लोखंडाचा कीस आहे का तेही पाहिलं. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. तिसऱ्या वेळी त्याने सरळ सांगून टाकलं की गाडीत काही नाही.

बाबा चिडले नाहीत. ते हसले आणि म्हणाले, "मग मीच वाकडा झालो असेन." मामाही हसला. हे मला मामानेच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला पाणी प्यावं लागलं.

मामाला एक गोष्ट सहन होत नव्हती: आपल्या दारातून माणूस तक्रार घेऊन परत जाणं. त्यातून हा माणूस तर भावोजी. सव्वीस वर्षं ज्याने ओरखडा पाडला नाही तो ओढते म्हणतो, तर ओढत असणारच. आपल्यालाच सापडत नाही. असा विचार करून त्याने पुढच्या उजव्या चाकाचा बोल्ट सैल केला आणि चाकाचं डोकं अर्धा अंश बाहेर झुकवलं. म्हणजे गाडी मुद्दाम उजवीकडे ओढेल अशी केली. बाबांचा फोन आला, आता कशी पाण्यासारखी चालते. मामा खूश झाला. दीड महिन्याने पुन्हा डावीकडे. मामाने चाक आणखी थोडं झुकवलं. पुन्हा महिन्याभराने, आणखी थोडं. प्रत्येक वेळी त्याने वर्कशॉपच्या खांबावर खडूने तारीख आणि माप लिहिलं. झुकलेलं चाक टायरची बाहेरची कड खातं, टायर लहानमोठे होतात आणि गिअरबॉक्स पुन्हा मार खातो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? म्हणून तो दर तीन आठवड्यांनी स्वतः घरी येऊन चाकांची अदलाबदल करून जायचा. बाबा म्हणायचे, मेहुणा असावा तर असा.

अशा रीतीने साडेपाच महिने त्याने बाबांचं दुखणं बाबांपासून, आमच्यापासून आणि स्वतःपासून झाकून ठेवलं. दुसरा कोणी मेकॅनिक असता तर त्याला हे जमलंच नसतं. मामा होता म्हणून जमलं.

मी दुसऱ्या गावात नोकरीला. महिन्यातून एकदा घरी जायची. त्या रविवारी जेवताना बाबांच्या ताटातलं उजवीकडचं सगळं संपलं होतं आणि डावीकडचं तसंच होतं. आई म्हणाली, अलीकडे असंच करतात, आवडीनिवडी वाढल्यात. मी दुपारी गाडी घेऊन औषधाच्या दुकानात निघाले, तर गाडी उजवीकडे अशी ओढू लागली की मला स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागलं. मी कडेला थांबले आणि मामाला फोनवर झापलं. म्हातारा माणूस ही गाडी चालवतो, काही लाज? मामाने हळू विचारलं, "तू चालवतेयस? भावोजी नाहीत?"

पाव तासात तो कामाच्या कपड्यांतच घरी आला. बाबांना म्हणाला, एक चक्कर मारू, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. त्याच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दोघं परत आले. दहा मिनिटं लागली असतील. बाबा हसत उतरले. मामा उतरला तो स्वयंपाकघरात गेला आणि आईला म्हणाला, "ताई, डॉक्टरकडे जायचं. आज."

डॉक्टरीणबाईंनी बाबांना दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितलं. उजवा हात होता तिथे राहिला. डावा हळूहळू खाली येऊ लागला. बाबांना ते कळत नव्हतं. ते दोन्ही हात सारखेच धरलेत अशा समाधानाने उभे होते. मामा भिंतीला टेकून त्या हाताकडे पाहत होता. त्याच्यासारख्याला बोटभर फरक दहा फुटांवरून दिसतो, आणि इथे तर हात वीतभर उतरला होता. तपासणीत मेंदूच्या उजव्या भागात गाठ निघाली. त्रास कधीपासून, असं बाईंनी विचारलं. मी आणि आई एकमेकींकडे पाहत राहिलो. मामाने तीन तारखा सांगितल्या आणि प्रत्येक तारखेला किती मिलिमीटर तेही सांगितलं. बाईंना काहीच समजलं नाही.

बाई म्हणाल्या की आधी आला असता तर हातात जास्त उपाय असते. किती जास्त, ते मात्र कोणी खात्रीने सांगू शकत नाही. मी या वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा तिथेच टाकून दिला. दवाखान्याच्या जिन्यात मामाला गाठून म्हणाले, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तूच म्हणायचास ना?" त्याने कठडा धरला. इतकं वाईट मी आजवर कोणाला बोलले नव्हते, आणि खोटं सांगत नाही, बोलल्यावर मला बरं वाटलं होतं.

ऑपरेशननंतर बाबा सात महिने होते, बहुतेक अंथरुणावरच. मामा रोज सकाळी येऊन त्यांना कुशीवर वळवायचा, दाढी करून द्यायचा. मी असले तर खोलीबाहेर जायची. आईला माझा राग पटायचा नाही. बाबा गेल्यावर ती एकदाच बोलली, "माझा नवरा गेला. आता भाऊही घालवू का?" मी ऐकलं आणि हट्ट सोडला नाही.

बाबांचं सामान आवरताना मामाने दारातल्या त्यांच्या चपला उचलल्या आणि टायर पाहावा तसा तळवा उलटा करून पाहिला. डाव्या चपलेचं पुढचं टोक फरफटून पार झिजलं होतं. उजवी धड होती. तो कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "पाच वेळा माझ्या दारात काढल्या होत्या ह्या." मी ते ऐकलं. तरी मी दगडासारखी कपाट आवरत बसले.

गाडी मी घेऊन आले. सरळ केली नाही. कोणीही तासाभरात करून दिली असती, पण मी वर्षभर ती तशीच, डावीकडे दाबून धरत चालवली. रागाने म्हणा किंवा कशाने म्हणा. बाबा जिथे डावीकडे जात होते तिथे मी हाताने जोर लावत होते, आणि मला ते सोडायचं नव्हतं. मग एक दिवस वळणावर खालून तीच जुनी थडथड सुरू झाली. उतरून पाहिलं तर पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड गुळगुळीत झाली होती. चार भावांतला एक लहान झाला होता. आई फोनवर एवढंच म्हणाली, कुठे न्यायची ते तुला माहीत आहे.

मी दारात चपला काढल्या. मामा वाकलेला होता, मला पाहून आणखीच वाकला. खांबावरचे खडूचे तीन आकडे तसेच होते. बाकीचा खांब त्याने पुसलेला दिसत होता, तेवढेच ठेवले होते. त्याने चार नवे टायर घातले, ओळंबा लावला, आणि चाक सरळ करायच्या बोल्टवर पाना ठेवून बराच वेळ तसाच थांबला. मग फिरवला. आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

"तू चालव," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो. आता सगळ्यांच्याच बसतो."

वळणावर थडथड नव्हती. सरळ रस्त्याला लागलो आणि गाडी हळूहळू डावीकडे जाऊ लागली. मी सावरली. पुन्हा डावीकडे. मी मामाकडे पाहिलं तर तो रस्ता सोडून माझ्या डाव्या हाताकडे पाहत होता. त्याने गाडी परत घ्यायला सांगितली, आणि वर्कशॉपमध्ये आल्यावर माझा हात धरून मला त्या सपाट फरशीवर उभं केलं.

मी म्हटलं, "मामा, वर्षभर उजवीकडे ओढणारी गाडी दाबून चालवलीय. हाताला सवय लागलीय, दुसरं काही नाही."

"भावोजीही कारण सांगायचे," तो म्हणाला. "हात समोर धर. डोळे मीट."

मी हात समोर धरले. डोळे मिटले. फरशी पायांना गार लागत होती. आधी मला हसू आलं, मग ते कुठे गेलं कळलं नाही. टेप ओढल्याचा आवाज आला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मामाचा श्वास ऐकू येत होता. शेवटी राहवलं नाही म्हणून मी डोळे उघडले. माझा साठीचा मामा फरशीवर गुडघे टेकून बसला होता आणि जमिनीपासून माझ्या बोटांपर्यंतचं अंतर मोजत होता.

"एकशे सव्वीस," तो म्हणाला. "दोन्हीकडे एकशे सव्वीस." आणि टेप हातात तशीच धरून रडायला लागला.

माझे हात दुखायला लागले होते. जिन्यात बोलले ते परत घेता येणार नव्हतं, आणि ते चुकीचंच होतं अशी मला खात्रीही नव्हती. मी हात खाली घेतले नाहीत.

"अजून एकदा मोज," मी म्हटलं, आणि डोळे मिटले.